जुन्या कोडवर बेताबेताने उपचार

रुग्णालये, बँका, रेल्वे आणि सरकारी कार्यालये चालवणारे सॉफ्टवेअर अनेकदा ते सांभाळणाऱ्या माणसांपेक्षाही वयाने मोठे असते. ते तसेच ठेवणे धोक्याचे, आणि एका झटक्यात फेकून देणे त्याहून धोक्याचे. या दोन्हींच्या मधला मार्ग आहे थोडे थोडे दुरुस्त करण्याचा. त्यासाठी गेल्या पाच दशकांत तयार झालेल्या साधनांची ही ओळख.

शिकागो विद्यापीठाच्या किरणोपचार केंद्रात 'थेरॅक-२०' नावाचे यंत्र होते. एरवी ते महिनोन्महिने सुरळीत चाले. पण नव्या विद्यार्थ्यांची तुकडी शिकायला आली की त्याचे फ्यूज आणि ब्रेकर उडू लागत, कधी कधी आठवड्यातून तीनदा. त्याच कंपनीच्या 'थेरॅक-२५' या पुढच्या यंत्राने १९८६ मध्ये टेक्सासमधील रुग्णांना प्राणघातक मात्रा दिल्याचे समजले, तेव्हा केंद्रातील भौतिकशास्त्रज्ञाने या फ्यूजच्या कोड्याचा शोध घेतला. निघाले ते असे, की दोन्ही यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच चूक दडलेली होती.

उपचाराचा प्रकार निवडताना चुकीची कळ दाबली गेली आणि ती चटकन दुरुस्त केली, तर पडद्यावर बदल दिसे, पण यंत्राच्या आतली मांडणी अर्धवट जुनीच राही. अनुभवी तंत्रज्ञाचा हात जितका जलद, तितकी ही चूक घडण्याची शक्यता अधिक. नवखे विद्यार्थी कळा दाबताना वाटेल तसे प्रयोग करत, म्हणून त्यांच्या हातून ती वारंवार घडे. 'थेरॅक-२०' मध्ये सॉफ्टवेअरवर न विसंबणारी विद्युत-यांत्रिक सुरक्षा होती. चुकीच्या मांडणीत किरण सुटण्याआधीच ती यंत्र बंद पाडे. 'थेरॅक-२५' बनवताना जुन्या सॉफ्टवेअरचे भाग घेतले, पण ही वेगळी सुरक्षा काढून टाकून तिची जबाबदारीही सॉफ्टवेअरवर सोपवली. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना अतिमात्रा मिळाली आणि त्यातील किमान तिघांचा मृत्यू झाला. टेक्सासमधील एका रुग्णाला १८० रॅड द्यायचे होते. प्रत्यक्षात १६,५०० ते २५,००० रॅड गेल्याचा अंदाज नंतर काढण्यात आला.

नॅन्सी लीव्हसन आणि क्लार्क टर्नर या संशोधकांनी १९९३ मध्ये या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. आजही सॉफ्टवेअर सुरक्षेच्या अभ्यासक्रमात तो शिकवला जातो. त्यातला एक धडा जुन्या कोडबद्दल आहे. एखादा कोड वर्षानुवर्षे बिनबोभाट चालला, म्हणजे तो निर्दोष आहे असे नाही. त्याची चूक दुसरेच काहीतरी पोटात घेत असते. ते दुसरे काढून घेतले की चूक उघडी पडते.

लेगसी म्हणजे नेमके काय?

संगणक क्षेत्रात अशा वारशाने आलेल्या कोडला 'लेगसी कोड' म्हणतात. सर्वसाधारण समज असा, की लेगसी म्हणजे जुना, कालबाह्य भाषेत लिहिलेला. मायकेल फेदर्स या प्रोग्रॅमरने २००४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात वेगळी व्याख्या दिली. ज्या कोडला चाचण्या नाहीत, तो लेगसी कोड. म्हणजे काल लिहिलेला कोडही लेगसी असू शकतो आणि चाळीस वर्षांपूर्वीचा नसूही शकतो. निकष वयाचा नाही. कोडमध्ये बदल केला, तर काही बिघडले का हे लगेच कळते की नाही, हा निकष आहे.

ही व्याख्या डॉक्टरांना पटकन पटेल. रुग्णाचे वय सत्तर आहे एवढ्यावरून उपचार ठरत नाहीत. नाडी, रक्तदाब, तपासणीचे अहवाल हाताशी असतील, तर औषध बदलून परिणाम पाहता येतो. काहीच मोजता येत नसेल, तर तरुण रुग्णावरचा उपचारही अंधारातला असतो.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये या अवस्थेसाठी कर्जाची उपमा वापरली. घाईत केलेले काम म्हणजे उचल घेणे. ती वेळेत फेडली तर बिघडत नाही. पण न फेडता वर्षे गेली की प्रत्येक नव्या बदलाबरोबर व्याज द्यावे लागते. एका ओळीचा बदल करायला महिना लागतो, कारण ती ओळ आणखी कोठे कोठे वापरली आहे हे कोणालाच ठाऊक नसते. मूळ लिहिणारे निवृत्त झालेले असतात, कागदपत्रे हरवलेली असतात. अशा वेळी सगळ्यांच्या मनात एकच विचार येतो, की हे सगळे पाडून नवे बांधू या.

पाडून बांधण्याची किंमत

या मोहाची किंमत काय असू शकते, याचे अलीकडचे मोठे उदाहरण अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांचे आहे. तेथे 'व्हिस्टा' ही नोंदींची प्रणाली १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वाढत आली. ती 'मम्प्स' या भाषेत लिहिलेली आहे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकात खास रुग्णांच्या नोंदींसाठी ही भाषा तयार झाली. व्हिस्टा डॉक्टरांच्या सवयीची होती, पण तिचा सांभाळ महागडा होत चालला होता आणि मम्प्स जाणणारी माणसेही कमी होत होती. अखेर तिच्या जागी बाजारातील तयार प्रणाली आणण्याचे ठरले आणि २०१८ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरचे कंत्राट झाले.

ऑक्टोबर २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथील रुग्णालय सर्वांत आधी नव्या प्रणालीवर गेले. तिथे एक विचित्र गोष्ट घडू लागली. डॉक्टरांनी संगणकावर लिहिलेल्या तपासण्या, पाठपुराव्याच्या भेटी, तज्ज्ञांकडे पाठवण्याच्या सूचना, यांपैकी ज्या कोठे पाठवायच्या हे प्रणालीला समजत नसे, त्या ती एका अज्ञात रांगेत टाकून देई. डॉक्टरांना वाटे, सूचना गेली; प्रत्यक्षात ती कोणापर्यंत पोहोचलेलीच नसे. विभागाच्या महानिरीक्षकांनी जुलै २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार अशा ११ हजारांहून अधिक सूचना अडकल्या होत्या आणि तपासणीत १४९ प्रसंगी रुग्णांना हानी पोहोचल्याचे आढळले. एप्रिल २०२३ मध्ये विभागाने नव्या रुग्णालयांतील विस्तार थांबवला. तोवर ती केवळ पाच केंद्रांत पोहोचली होती.

नवी प्रणाली मुळातच वाईट होती, असा याचा अर्थ नाही. जुन्या कोडमध्ये अनेक वर्षांचे न लिहिलेले शहाणपण साठलेले असते. अमुक सूचना पत्ता अपुरा असला तरी तमुक विभागाकडे जाते, अमुक रकाना रिकामा असला तर तमुक गृहीत धरायचे, अशा शेकडो गोष्टी. कोणीतरी कधीतरी तक्रार केली म्हणून त्या घातलेल्या असतात आणि त्यांची नोंद कोडखेरीज कोठेच नसते. सगळे एकदम बदलले की हे शहाणपणही जाते. ते गेल्याचे कळते ते रुग्ण समोर आल्यावर.

बँकांनाही हा अनुभव आला आहे. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपले ग्राहक एका झटक्यात नव्या प्रणालीवर नेले, तेव्हा लाखो ग्राहकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. नियामकांनी २०२२ च्या डिसेंबरमध्ये बँकेला ४.८ कोटी पौंडांहून अधिक दंड केला.

म्हणून बहुतेक जाणकारांचा कल आता बेताबेताने सुधारण्याकडे आहे. प्रणाली चालू ठेवायची, रोज तिचा एक छोटा भाग दुरुस्त करायचा आणि प्रत्येक पावलावर माघारीची वाट मोकळी ठेवायची. पण चालू यंत्रात हात घालायचा तर हत्यारे तशीच नेमकी हवीत.

आधी नोंदवही, मग जाळी

पहिले साधन म्हणजे बदलांची नोंदवही. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली 'गिट' ही प्रणाली आज सर्वत्र वापरली जाते. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि का बदलली, हे ती जपून ठेवते. चुकले तर आदल्या दिवशीच्या कोडवर परत जाता येते. तिच्यात दोष हुडकण्याची एक सोयही आहे. समजा, महिन्यापूर्वी बिल बरोबर निघत होते आणि आज चुकते आहे. मधल्या काळात हजार बदल झाले. गिट मधला बदल काढून देते आणि तिथे बिल बरोबर निघते का, एवढेच तपासायला सांगते. उत्तरावरून अर्धे बदल बाद होतात. असे जेमतेम दहा वेळा केले की हजारांतला दोषी बदल हाती लागतो.

दुसरे साधन चाचण्यांचे जाळे. नेहमीच्या चाचण्या कोडने काय करायला हवे ते तपासतात. जुन्या कोडबाबत मात्र काय करायला हवे हेच कोणाला नक्की सांगता येत नाही. म्हणून फेदर्स यांनी सुचवलेली चाचणी आधी कोड आज काय करतो ते टिपते. समजा, मुलांच्या औषधाची मात्रा काढणारा जुना कोड आहे. त्याला वेगवेगळी वजने आणि वये द्यायची आणि जे उत्तर येईल ते जसेच्या तसे नोंदवायचे. वजन रिकामे ठेवले तर काय होते, ४.९९ किलोला काय आणि ५ किलोला काय, हेही नोंदवायचे. उत्तर चुकीचे वाटले तरी या टप्प्यावर दुरुस्त करायचे नाही, कारण त्या चुकीवर विसंबलेला दुसरा कोड कोठेतरी असू शकतो. ही नोंद झाली की उद्या कोडमध्ये केलेल्या बदलाने एक जरी उत्तर हलले, तर संगणक तत्काळ सांगतो. मग ते उत्तर हलायला हवे होते की नको, हे औषधशास्त्र जाणणाऱ्याने ठरवायचे.

या जाळ्यात भोके कोठे आहेत, हे दाखवणारी साधनेही आहेत. चाचण्या चालू असताना कोडच्या कोणत्या ओळी वापरल्या गेल्या आणि कोणत्या कधीच नाहीत, याचा ती नकाशा देतात. एखादी ओळ वापरली गेली म्हणून ती बरोबरच आहे, असे नकाशा सांगत नाही. पण एकदाही न तपासलेल्या ओळीत हात घालू नये, हे नक्की सांगतो.

गुठळ्या वेचणारी चाळण

धुतलेल्या कपड्यांतून निघणाऱ्या कापसाच्या बारीक गुठळ्यांना इंग्रजीत लिंट म्हणतात. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोडमधल्या अशाच बारीक गुठळ्या वेचणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला 'लिंट' हेच नाव दिले. कोड न चालवता, नुसता वाचून तो संशयास्पद जागा दाखवतो. मूल्य देण्याआधीच वापरलेला चल, कधीच न वापरलेला चल, कधीच पोहोचता येणार नाही अशी ओळ. आज जवळपास प्रत्येक भाषेसाठी असा लिंटर आहे.

जुन्या कोडवर लिंटर पहिल्यांदा चालवला की हजारो इशारे येतात आणि माणसे हबकून तो बंद करतात. त्यावर उपाय साधा आहे. आजचा आकडा नोंदवायचा आणि नियम करायचा, की तो यापुढे वाढता कामा नये. इशारे दहा हजार असतील तर असू देत, पण दहा हजार एकावा येता कामा नये. जो ज्या फाइलमध्ये काम करेल, त्याने तिथले दोन-चार कमी करावेत. एकाच दिशेने फिरणाऱ्या पान्यासारखा हा आकडा फक्त खाली सरकतो. यासाठी वेगळा निधी लागत नाही की वेगळी मोहीम.

हीच हळूहळू पकड घट्ट करण्याची पद्धत 'टाइप' तपासणाऱ्या साधनांत दिसते. पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये एखाद्या जागी आकडा येणार की अक्षरे, हे आधी सांगावे लागत नाही. लिहिताना ते सोयीचे असते, पण कोड वाढला की तीच सोय घात करते. पायथनसाठी 'मायपाय' आणि जावास्क्रिप्टसाठी मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेली 'टाइपस्क्रिप्ट' यांचा विशेष असा, की सगळा कोड एकदम बदलावा लागत नाही. आज एका फाइलला टाइप लावावेत, उद्या दुसरीला. ज्यांना लावले नाहीत, त्या पूर्वीप्रमाणेच चालतात. ड्रॉपबॉक्स कंपनीने काही वर्षांत अशा रीतीने आपल्या पायथन कोडच्या ४० लाख ओळी तपासणीखाली आणल्याचे २०१९ मध्ये जाहीर केले.

नावे बदला, वागणूक नको

तिसऱ्या प्रकारची साधने प्रत्यक्ष कोड बदलतात. कोडची बाह्य वागणूक तीच ठेवून आतली रचना सुधारण्याला 'रिफॅक्टरिंग' म्हणतात. घरातल्या वस्तू त्याच, फक्त मांडणी अशी की हवे ते हाताला लागावे. इलिनॉय विद्यापीठातील विल्यम ओपडाइक यांनी १९९२ च्या आपल्या प्रबंधात अशा बदलांचे नियम बांधले आणि कोणत्या अटी पाळल्या तर वागणूक बदलत नाही, हे दाखवले. त्याच विद्यापीठात स्मॉलटॉक भाषेसाठी ही कामे आपोआप करणारे साधन तयार झाले. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकाने ही कल्पना सर्वदूर नेली. आता कोड लिहिण्याच्या बहुतेक संपादकांमध्ये एक कळ दाबून नाव शेकडो ठिकाणी बिनचूक बदलता येते किंवा लांबलचक भाग तोडून वेगळा करता येतो.

पण कोड कोट्यवधी ओळींचा असेल तर? लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि जगभरातले हजारो लोक त्यात भर घालतात. मध्यवर्ती भागातील एखादे फंक्शन बदलले, की त्यावर विसंबलेले शेकडो कोड बदलावे लागतात. ते हाताने केले तर काही हमखास राहून जातात. जूलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी 'कॉक्सिनेल' हे साधन तयार केले. फ्रेंचमध्ये कॉक्सिनेल म्हणजे आपला चित्रांग भुंगेरा, पिकावरचा मावा खाणारा शेतकऱ्याचा मित्र. किडे खाणारा किडा, म्हणून बग शोधणाऱ्या साधनाला हे नाव.

कॉक्सिनेलला बदलाचा एक नमुना लिहून द्यायचा असतो. 'असे काही दिसले, तर त्याचे असे कर.' नुसती अक्षरे जुळवून शोधले तर जागा सोडली की किंवा नाव वेगळे असले की शोध फसतो. कॉक्सिनेल मात्र कोडची रचना समजून घेतो आणि तोच अर्थ असलेल्या सगळ्या जागा हुडकतो. लिनक्समध्ये २०१८ पर्यंत याच्या साहाय्याने केलेल्या बदलांच्या नोंदी सहा हजारांवर गेल्या होत्या. त्यातले कितीतरी बदल प्रत्यक्षातील चुका दुरुस्त करणारे होते.

वायटूकेचा धडा

कोडमध्ये मोठ्या प्रमाणावर शोधाशोध करण्याची विद्या भारताला नवी नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगभरच्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच अंकांत लिहिलेले असल्याने २००० साल १९०० समजले जाण्याची भीती होती. कोबोलमधील कोट्यवधी ओळी चाळून तारखा हुडकण्याचे काम मोठ्या प्रमाणात भारतीय कंपन्यांकडे आले आणि मराठी मुलामुलींच्या एका पिढीने सॉफ्टवेअर उद्योगात पाऊल ठेवले ते या कामातून. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये प्रोग्रॅमचे विश्लेषण करणारी साधने विकसित करण्याचे काम पुढेही वर्षानुवर्षे चालू राहिले.

त्या वेळी वेळ वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी एक तात्पुरती युक्ती वापरली गेली. वर्षाचे अंक दोनच ठेवायचे, पण एखादी सीमा ठरवायची. उदाहरणार्थ, ०० ते ४९ असेल तर एकविसावे शतक, ५० ते ९९ असेल तर विसावे. व्यवहाराच्या तारखांना हे चालून जाते. पण अशाच प्रणालीत १९४८ साली जन्मलेल्या आजोबांची नोंद केली, तर ते २०४८ मध्ये जन्मणार असे निघते आणि वय उणे होते. तात्पुरती मलमपट्टी करताना तिच्यावर तारीख आणि कारण लिहून ठेवले नाही, तर वीस-पंचवीस वर्षांनी तीच नवा आजार होते.

याउलट, वापरात नसलेला कोड काढून न टाकण्याचाही धोका असतो. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीच्या प्रणालीत अनेक वर्षे न वापरलेला एक भाग पडून होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी नवा कोड आठपैकी एका सर्व्हरवर चढवायचा राहिला आणि तिथे तो झोपलेला जुना भाग जागा झाला. पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. मृत कोड शोधणारी साधने म्हणूनच महत्त्वाची. प्रत्यक्ष वापरात कोणता भाग महिनोन्महिने एकदाही हाकारला गेला नाही, हे ती दाखवतात आणि मग तो निर्धास्तपणे काढता येतो.

भिंतीवरचा पिंपळ

जुनी प्रणाली सुधारण्यापलीकडे गेली असेल, तरी एका रात्रीत उडी मारण्याची गरज नसते. मार्टिन फाउलर यांना ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील जंगलात दुसऱ्या झाडावर रुजून वाढणारी वडाच्या कुळातली झाडे दिसली आणि त्यावरून २००४ मध्ये त्यांनी एक पद्धत मांडली. आपल्याकडे वाड्याच्या भिंतीत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात उगवलेला पिंपळ सगळ्यांनी पाहिलेला असतो. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले बी रुजते, मुळे खाली जमिनीपर्यंत पोहोचतात, आणि काही वर्षांनी आधाराचे झाड नसले तरी नवे झाड उभे राहते.

प्रणालीच्या बाबतीत हे असे करतात. जुन्या प्रणालीच्या तोंडाशी एक दरवान बसवायचा. येणारी प्रत्येक विनंती त्याच्यामार्फत जाईल. सुरुवातीला तो सगळे जुन्याकडेच पाठवतो. मग एक छोटे काम, समजा बाह्यरुग्ण विभागाच्या भेटीची वेळ ठरवणे, नव्याने लिहायचे. काही आठवडे दोन्हींकडे तीच विनंती पाठवून उत्तरे ताडून पाहायची. जुळली की ते काम नव्याकडे वळवायचे. बिघडले तर दरवानाला सांगून पुन्हा जुन्याकडे. पुढे प्रयोगशाळेचे अहवाल, मग औषधालय. सगळी कामे सरकली की जुनी प्रणाली बंद करायची. अडकलेल्या सूचना या पद्धतीत पहिल्याच आठवड्यात, एकाच विभागात, दोन उत्तरांच्या तफावतीतून दिसण्याची शक्यता मोठी असते.

मात्र ही पद्धत शिस्त मागते. अर्धे काम झाल्यावर पैसे किंवा उत्साह संपला, तर संस्थेच्या गळ्यात एकाऐवजी दोन प्रणाली पडतात. म्हणून जुना भाग प्रत्यक्ष बंद होईपर्यंत काम पूर्ण झाले असे मानायचे नाही, हा नियम सुरुवातीलाच करावा लागतो.

जुने सगळे बदलायलाच हवे का?

या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर अँड्रॉइडमधून मिळाले. मोबाइल फोनच्या या प्रणालीतील सुरक्षेच्या त्रुटींपैकी मोठा वाटा स्मृतीच्या चुकीच्या हाताळणीचा होता. सी आणि सी प्लस प्लस या भाषांत अशा चुका सहज होतात. गुगलने जुना कोड उकरून पुन्हा लिहिण्याचा घाट घातला नाही. नवा कोड मात्र 'रस्ट'सारख्या सुरक्षित भाषांत लिहायला सुरुवात केली. कंपनीने २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार त्रुटींमधील या प्रकाराचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २४ टक्क्यांवर आला. कारण असे, की बहुतेक त्रुटी नव्या किंवा नुकत्याच बदललेल्या कोडमध्ये असतात. जुना कोड वापरात राहून, चुका निघत निघत घट्ट होत जातो. गळती नव्या पाइपमधून होत असेल, तर जमिनीखालचा जुना पाइप उकरण्यात अर्थ नाही.

थेरॅकची गोष्ट आणि ही गोष्ट परस्परविरोधी वाटेल, पण तशी नाही. जुना कोड आपल्या जुन्या परिसरात तावूनसुलाखून निघालेला असतो. परिसर बदलला, सुरक्षा काढली, नवे काम जोडले, की तो पुन्हा नवाच समजून तपासावा लागतो. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठी असलेल्या 'आयईसी ६२३०४' या आंतरराष्ट्रीय मानकात २०१५ च्या दुरुस्तीने लेगसी सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र कलम घातले गेले. जुने सॉफ्टवेअर वापरात ठेवायचे असेल, तर त्याच्या वापराचा अनुभव आणि त्यातील जोखीम नव्याने पारखावी, असा त्याचा रोख आहे.

भारतात हा प्रश्न आता दारात आला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये रुग्णाला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो आणि त्याच्या संमतीने नोंदी एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाऊ शकतात. त्यासाठी रुग्णालयांच्या सध्याच्या प्रणालींना ठरलेल्या मानकांनुसार बोलायला शिकवावे लागते. आतापर्यंत एका इमारतीपुरता चालणारा कोड प्रथमच बाहेरच्या जगाशी जोडला जातो. म्हणजे त्याचा परिसर बदलतो.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधनेही या कामात आली आहेत. कोणाला न कळणाऱ्या कोबोलचा अर्थ ती साध्या भाषेत सांगतात, चाचण्यांचे कच्चे मसुदे लिहून देतात, एका भाषेतला कोड दुसरीत आणतात. त्यांचा वेग थक्क करणारा आहे; पण ती आत्मविश्वासाने चुकूही शकतात. म्हणून त्यांनी केलेला बदलही त्याच जाळ्यातून गाळून घ्यावा लागतो. चाचण्यांचे जाळे नसलेल्या ठिकाणी वेगवान साधन म्हणजे वेगाने पसरणारी चूक.

रुग्णालयाचे व्यवस्थापन सांभाळणाऱ्यांना कोड वाचता येण्याची गरज नाही. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला मात्र काही प्रश्न विचारता येतात. बदल केल्यावर आधीचे सगळे चालते का, हे तुम्ही कसे तपासता? आज केलेला बदल उद्या सकाळी मागे घेता येईल का? एखादी सूचना पोहोचली नाही, तर ती लिहिणाऱ्या डॉक्टरांना कळते का? नवी आणि जुनी प्रणाली किती दिवस शेजारी शेजारी चालवून पाहणार? या प्रश्नांची उत्तरे देताना पुरवठादार अडखळला, तर करारावर सही करण्याआधी थांबावे. प्रणाली सुरू झाल्यावर हेच प्रश्न रुग्णांचे नातेवाईक विचारतात, आणि तेव्हा उत्तर देण्याची वेळ डॉक्टरांवर येते.